काळं पायमशीन की इलेक्ट्रिक झिगझॅग?

घरी कपडे शिवायचे म्हणून मशीन घ्यायला निघालेल्या माणसापुढे चार दुकानं फिरून झाली की दोनच पर्याय उरतात. एक, स्टँडवरचं काळं लोखंडी पायमशीन. दुसरं, पांढरं, हलकं, खटका फिरवला की टाका बदलणारं इलेक्ट्रिक झिगझॅग. माझ्याकडे दोन्ही आहेत. त्यातलं एक सध्या कपाटावर चादरीत गुंडाळून बसलंय, आणि कोणतं ते सांगायला फार वेळ लावणार नाही.

आधी माझा पसारा सांगतो, म्हणजे माझं मत किती मनावर घ्यायचं ते ठरवता येईल. मी नोकरी करतो, शिवण हौसेची. स्वतःचे कुर्ते, मुलीचे फ्रॉक, उशांचे अभ्रे, आणि शाळेच्या गॅदरिंगला लागतील ती सोंगं. रोज दहा ब्लाउज शिवणाऱ्याने हे वाचून काही ठरवू नये. ठाण्यात आमचं वन बीएचके घर आहे. ही गोष्ट मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा सगळा हिशोब तिच्यावरच बेतलेला आहे.

इलेक्ट्रिक मी २०२० च्या पावसाळ्यात घेतलं. सगळेच तेव्हा काही ना काही शिकत होते. मला पाव जमला नाही, शिवण जमली. या मशीनचं पहिलं कौतुक म्हणजे ते पहिल्या दिवशी चालतं. पॅडलवर पाय ठेवला की टीप पडते. किती टाके आणि किती वॅट ते खोक्यावर छापलेलं असतं, ते सोडून देऊ. खरा उपयोग दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे ताणलं जाणारं कापड. टी-शर्ट, लेगिंग, चड्डीचं इलॅस्टिक यांना झिगझॅगच हवा. पुढे घरात काळं मशीन आल्यावर मी हट्टाने मुलीची लेगिंग त्याच्यावर शिवून पाहिली. ती घालून मुलगी पहिल्यांदा उकिडवी बसली आणि कट्-कट्-कट् करत अख्खी टीप उसवली. सरळ टाक्यात ताण घ्यायला जागाच नसते, कापड लांबतं आणि दोरा तुटतो. दुसरा उपयोग काजांचा. माझ्या मशीनवर चार पायऱ्यांत काज होतं. ते फार देखणं नसलं तरी शर्टाला चालतं. माझ्या काळ्यावर काज होत नाही. हाताने करा, नाहीतर काज-बटणवाल्याकडे जा.

आता त्याच मशीनची एक खोड, जी दुकानात कुणी दाखवत नाही. झिगझॅगसाठी सुई डावी-उजवीकडे हलते, म्हणून खालच्या पट्टीला आडवी फट ठेवलेली असते. जाड कापडाला त्याचं काही नाही. पण मलमल, जॉर्जेट, जुन्या साडीचं विरलेलं कापड असलं की सुरुवातीच्या दोन टाक्यांतच सुई ते त्या फटीत खाली ओढते, आणि बॉबिनपाशी, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळापाशी, दोऱ्याचं जाळं होऊन बसतं. खाली वर्तमानपत्राची पट्टी धरून शिवली की निभतं, नंतर कागद ओरबाडून काढायचा. काळ्या मशीनला सुईपुरतं गोल छिद्र असतं, कापडाला आत जायला वावच नाही. माझी मुलगी लहान होती, घरात आजीच्या मऊ साड्या होत्या आणि मला झबली-परकर शिवायचे होते, म्हणून हे मला जास्त टोचलं असेल. तुम्ही पडदे शिवणार असाल तर कदाचित कधी लक्षातही येणार नाही.

काळं मशीन वाईहून टेम्पोने आलं. आत्याचं. तिचे गुडघे गेल्यावर ते पाचेक वर्षं देवघराशेजारी पडून होतं, वर लोणच्याच्या बरण्या. कंपनीचं नाव घासून गेलंय, सोनेरी वेल तेवढी शिल्लक आहे. नाव नसल्याने फारसं अडत नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती काळ्या मशीनचं पोट सिंगरच्या क्लास १५ या शंभर वर्षांहून जुन्या नमुन्यावर बेतलेलं आहे, आणि लुधियानात बनलेले त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. बॉबिन, बॉबिन केस, तिच्याभोवती फिरणारं शटल, कापड दाबून धरणारा दाबाचा पाय, काहीही मागा. सुई तर माझ्या दोन्ही मशीनना एकच लागते, एचए वन. मलमलीला ११ नंबर, कॉटनला १४, जीन्सला १६. इलेक्ट्रिकचा मात्र दोरा गुंडाळायचा एक प्लॅस्टिकचा खटका तुटला तेव्हा सर्व्हिस सेंटरने अडीच महिने वाट पाहायला लावली. तेवढे दिवस मी बॉबिन हाताने भरल्या.

काळ्याचे लाड निराळे. आत्याने त्यात वर्षानुवर्षं खोबरेल तेल घातलं होतं. वाईच्या थंडीत ते आतच गोठायचं, आणि मग ती मशीनला उन्हात बसवायची. मी मशीनचं पातळ तेल आणून चार दिवस नुसतं धुऊन काढलं तेव्हा चाक सैल झालं. पावसाळ्यात खालचं चाक वरच्या चाकाला जोडणारी चामड्याची वादी ओल धरून लांबते, खालचं चाक फिरतं आणि सुई जागची हलत नाही. मग वादी पाऊण इंच कापायची, टोकाला भोक पाडायचं, तारेची कडी पुन्हा अडकवायची. वर्षातून दोनदा हे होतंच. आणि पाय जमायला वेळ लागतो. माझं चाक आठवडाभर उलटंच फिरायचं आणि दोरा तुटायचा. शेवटी शिवणक्लासात करतात तेच केलं, दोरा न ओवता वहीच्या रेघांच्या कागदावर टिपा मारत बसलो. आत्या फोनवर म्हणाली, "अरे, पायाकडे बघू नकोस, हाताकडे बघ. पाय आपोआप शिकतो." आठवड्याने शिकला.

एकदा शिकला की मात्र गळ्याच्या गोलाईवर मजा येते. एक टाका, थांबा, कापड फिरवा, अजून एक टाका. इलेक्ट्रिकच्या पॅडलवर मला एक तर काहीच नाही, नाहीतर एकदम सुसाट, यांच्यामधली जागा कधी नीट सापडली नाही. वरच्या किमतीच्या मशीनना वेगावर मर्यादा घालायचा खटका असतो, त्यामुळे हा दोष माझ्या मशीनचा किंवा माझ्या पायाचाही असू शकेल.

इथपर्यंत पाहिलं तर दोन्ही पारडी साधारण सारखीच. माझा निर्णय यातल्या कशावरच झाला नाही. तो झाला मांडामांडीवर.

इलेक्ट्रिक मशीन हलकं, सहा-सात किलोचं. हलकं आहे म्हणून ते उचलून ठेवायचं, असं घरात आपोआप ठरतं. आमच्याकडे ते जेवणाच्या टेबलावर यायचं, कारण दुसरं टेबल नाही. शिवायला बसायचं म्हणजे कपाटावरून मशीन काढा, टेबल पुसा (कापडाला वरणाचा डाग लागला की आठवडा गेला), एक्स्टेंशन बोर्ड शोधा, पॅडल जोडा, दोरा ओवा, दिवा ओढून घ्या. एवढ्यात पंधरा मिनिटं. बाहीला चुण्या घालून मुंढ्याशी जुळवत आणावं, की आतून विचारणा, "पानं घ्यायचीत, किती वेळ?" मग अर्धी बाही दाबाच्या पायाखालून काढा, दोरा कापा, टाचण्या मोजा, सगळं परत वर. एकदा टाचणी पोळ्यांच्या डब्यात सापडली. त्यानंतर टाचण्या मोजायचं काम बायकोने स्वतःकडे घेतलं.

मुलीचा एक साधा घेरदार फ्रॉक शिवताना मी गंमत म्हणून कॅलेंडरवर रेघा मारल्या होत्या. नऊ वेळा मशीन निघालं, नऊ वेळा वर गेलं. प्रत्यक्ष शिवण सगळी मिळून तीन-साडेतीन तासांची असेल. मांडणं-आवरणं जवळपास तेवढंच. आणि जे मोजलंच नाही ते वेगळं: रात्री दहा वाजता वीस मिनिटं मोकळी असताना "आता कुठे ते काढा" म्हणून कितीदा तसाच झोपलो असेन. नोकरी करणाऱ्याची हौस या वीस-वीस मिनिटांवरच चालते. सलग चार तासांचा रविवार कुणाच्या वाट्याला येतो?

काळं मशीन उचलताच येत नाही, आणि तेच त्याचं मोठेपण. खिडकीखाली तीन फूट बाय दीड फूट जागा त्याने कायमची घेतली. कुंड्या ग्रिलमध्ये गेल्या, बायको आठ दिवस कमी बोलली. पण आता अर्धी बाही सुईखाली तशीच राहते. वर एक पंचा टाकतो. सकाळी चहा उकळेपर्यंत एक शिवण होते. ऑफिसची बस यायला दहा मिनिटं असली तर दुमड घालून होते. वीज गेली तरी अडत नाही, हेही लोक सांगतात, पण ठाण्यात ती इतकीही जात नाही. तो मुद्दा मी धरत नाही.

१९ फेब्रुवारीला शिवजयंती. शाळेने मावळ्याच्या वेशाची चिठ्ठी दिली ती १२ तारखेला. सोमवार ते शनिवार माझं ऑफिस. बाराबंदीला मी चार बंद लावून वेळ मारून नेणार होतो, पण मुलीने मला शब्द फोडून म्हणून दाखवला, "बारा-बंदी, बाबा." मग बारा. प्रत्येक बंद म्हणजे दीड इंचाची पट्टी, उलटी शिवायची, सेफ्टी पिन घालून सुलटी काढायची. रोज दोन-तीन केले, जमतील तेव्हा, कधी एका हातात टोस्ट धरून. इलेक्ट्रिकवर हेच बारा बंद अधिक वेगाने झाले असते, यात शंका नाही. आमच्या टेबलावर ते झाले असते का, याबद्दल मात्र मला शंका आहे.

काळ्यालाच मोटर लावून घ्या, असा मधला मार्ग दुकानदार सुचवतात. हजार-दीड हजारात काम होतं. मी लावून पाहिली आणि महिन्याभरात काढली. पायाचा ताबा गेला, झिगझॅग काही आला नाही, आणि जुना स्टँड थरथरायला लागला. गुडघेदुखी असेल तर गोष्ट निराळी, तेव्हा मोटर किंवा सरळ इलेक्ट्रिकच बरं.

घरात शिवणासाठी वेगळं टेबल कायम मांडून ठेवता येत असेल तर माझा मुख्य मुद्दाच गळून पडतो. मग इलेक्ट्रिक घ्या आणि माझी आठवण काढू नका. टी-शर्ट, नाचाचे लायक्राचे पोशाख, पोहण्याचे कपडे हेच शिवायचं असेल तरीही तेच. माझंही महिन्यातून एक-दोनदा इलॅस्टिक आणि काजांसाठी कपाटावरून खाली येतं, आणि आल्यावर मी त्याला नावं ठेवत नाही. बाकी कुर्ता, पायजमा, परकर-पोलकं, शिवलेलं धोतर, अंगरखा, पिशव्या यांना सरळ टीप पुरते. कडा सुटू नयेत म्हणून शिवण आधी सुलट बाजूने आणि मग उलट बाजूने, अशी दोनदा मारली की दोरे आत बंद होतात. इंटरलॉकसाठी दुकानात जावं लागत नाही.

जुनं काळं घ्यायला गेलात तर रंग आणि वेल पाहू नका. चाक हाताने सावकाश फिरवा आणि सुई छिद्राच्या मधोमध उतरते का ते बघा. सुईचा दांडा चिमटीत धरून हलवा; आडवा खेळत असेल तर सोडून द्या. शटलची खोबण बोटाने चाचपा, खरखरीत लागली तर दोरा तिथे जन्मभर तुटणार. आणि घरून जीन्सचा तुकडा न्या, चार घड्या करून त्याच्यावर टीप मारायला सांगा. विकणारा "आत्ता दोरा नाहीये" म्हणेल, म्हणून रीळही आपलंच न्या.