अक्रामधील शनिवार-रविवारची पायी इतिहास-सहल: एका ठाणेकर विद्यार्थ्याचा अभिप्राय

विद्यार्थी-विनिमय कार्यक्रमाखाली एका सत्रासाठी घानाला गेलो असताना राजधानी अक्रामध्ये मी शनिवार-रविवारची एक मार्गदर्शित पायी सहल घेतली होती. ठाण्याहून पुढच्या तुकडीत जाणारे मित्रमैत्रिणी तिच्याविषयी सतत विचारत असल्यामुळे हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. आयोजक छोटे आहेत, गटही लहानच ठेवतात आणि मार्गदर्शक जेम्सटाउन या जुन्या कोळीवस्तीतच वाढलेला आहे. शुल्कात प्रवेश-तिकिटे धरलेली नसतात, त्यामुळे आरक्षणाच्या वेळीच एकूण खर्च विचारून घ्यावा.

सहलीचे पैसे खऱ्या अर्थाने शनिवारी सकाळीच वसूल होतात. डचांनी १६४९ मध्ये उभारलेला आणि आज अशर फोर्ट म्हणून ओळखला जाणारा किल्ला, त्याच्याजवळ ब्रिटिशांचा १६७३ चा जेम्स फोर्ट आणि किनाऱ्यानेच थोडे पूर्वेला डेन्मार्कचा १६६१ मधील ख्रिश्चन्सबर्ग, अशा तीन युरोपीय सत्ता एकाच शहराच्या किनाऱ्यावर का ठाण मांडून बसल्या, हे मार्गदर्शकाने सनावळी घोकून न दाखवता व्यापाराच्या हिशेबाने समजावले. सोन्यासाठी आलेल्या कंपन्या पुढे माणसांच्या खरेदी-विक्रीत उतरल्या आणि प्रत्येकीला स्वतःची कोठारे व स्वतःच्या तोफा हव्या होत्या. डेन्मार्कने तर १८५० मध्ये आपला किल्ला ब्रिटिशांना चक्क विकून टाकला.

जेम्स फोर्टचा २००८ पर्यंत तुरुंग म्हणून वापर होत होता. हे ऐकताना ठाणेकराला आपला किल्ला आठवणारच. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला तो किल्ला आजही कारागृह आहे, आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना जेथे फाशी दिली गेली, त्या जागेच्या भिंती आपण खारकर आळीतून जाता-येता फक्त बाहेरून पाहतो. अक्रात मात्र राखणदाराची परवानगी काढून मार्गदर्शक आम्हाला थेट कोठड्यांपर्यंत घेऊन गेला. सत्याग्रहापासून स्फूर्ती घेऊन ‘पॉझिटिव्ह ॲक्शन’ आंदोलन छेडणारे आणि पुढे घानाचे पहिले पंतप्रधान झालेले क्वामे एन्क्रुमा येथेच बंदिवासात होते, तुरुंगात असतानाच त्यांनी फेब्रुवारी १९५१ ची निवडणूक जिंकली आणि सरकार बनवण्यासाठी ते तेथून बाहेर पडले. ही हकीकत त्या अंगणात उभे राहून ऐकायला मिळते, एवढ्यासाठीसुद्धा मी ही सहल सुचवीन.

रविवार त्या मानाने घाईचा गेला. एन्क्रुमा स्मारक-उद्यान पूर्वी पोलोचे मैदान होते आणि ६ मार्च १९५७ च्या मध्यरात्री स्वातंत्र्याची घोषणा तेथेच झाली, हे नीट सांगितले गेले. १९६६ च्या सत्तापालटानंतर जमावाने मोडलेला पुतळा आणि त्याचे वेगळे ठेवलेले शिर आवर्जून पाहावे. मात्र २८ फेब्रुवारी १९४८ चा गोळीबार एका वाक्यात गुंडाळला गेला. त्या दिवशी गव्हर्नरकडे गाऱ्हाणे घेऊन निघालेल्या माजी सैनिकांपैकी तिघे मारले गेले होते. गोल्ड कोस्टचे, म्हणजे ब्रिटिश अमलातील घानाचे, हजारो सैनिक दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या जवानांच्या बरोबरीने लढले होते, त्यामुळे हा धागा भारतीय विद्यार्थ्यांना सर्वांत जवळचा वाटेल. तो उलगडण्यासाठी प्रश्न तुम्हीच विचारावे लागतात. त्याउलट कलावस्तूंच्या बाजारात आम्हाला गरजेपेक्षा जास्त वेळ थांबवले गेले; ठरावीक दुकानांतच नेण्यामागे दलाली असावी, अशी शंका येते.

वेळ निवडतानाही विचार करावा. अक्राच्या मूळ रहिवासी गा समाजाच्या होमोवो या सुगीच्या उत्सवापूर्वी, साधारण मे-जूनमध्ये, शहरात ढोल वाजवण्यावर पारंपरिक बंदी असते, त्यामुळे वादन-नृत्य पाहायचे असेल तर तो काळ टाळावा. शाकाहारी मंडळींनी जेवणाच्या थांब्यावर ‘रेड-रेड’ मागवावे. पाम तेलातील चवळी आणि तळलेली पिकी केळी असा हा पदार्थ पोटभर होतो, पण त्यात सुकी मासळी घातली आहे का, हे आधी विचारावे.