आर्केड कॅबिनेटचं घरी बनवलेलं स्टिअरिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

उन्हाळ्यात आर्केड कॅबिनेटला (गेम पार्लरमध्ये असतं तसं गेमचं कपाट) स्टिअरिंग बसवलं, त्यावरून अख्खा पावसाळा गेला, आता थंडी आलीय. घरातली आणि शेजारची मुलं त्यावर रोज तुटून पडतात. एवढ्या वापरानंतर खात्रीने सांगतो, यातलं इलेक्ट्रॉनिक्स सोपं आहे. खरी मजा ठरते ती दांडा, बेअरिंग आणि सोडल्यावर चाक मध्यावर कसं येतं यावर.

गेम कुठले खेळायचे, ते आधी ठरवा. सेगाच्या १९८६ च्या 'आउट रन'चं चाक ठरावीक कोनापर्यंत फिरून अडतं, आत पोटेन्शिओमीटर (फिरवलं की रोध बदलणारा भाग) असतो. अटारीच्या त्याच वर्षीच्या 'सुपर स्प्रिंट'चं चाक मात्र गरागरा कितीही फिरतं, त्याला एन्कोडर (फिरणं मोजत राहणारा सेन्सर) लागतो. एकाच चाकावर दोन्ही सुख मिळत नाही. माझा जीव 'आउट रन'मध्ये, म्हणून मी अडणारं चाक केलं.

चाक मारुती ८०० चं, पुण्याच्या जुन्या बाजारातलं. दांडा २० मिमीचा आणि त्याला दोन यूसीपी २०४ पिलो ब्लॉक (फळीला बोल्टने बसणाऱ्या घरासकट येणारी) बेअरिंगं. चाकाचा बॉस (मधला जोडणीचा भाग) लेथवाल्याकडून दांड्याला जुळवून घेतला. लोक इथे पैसे वाचवायला स्केटच्या चाकातली छोटी ६०८ बेअरिंगं वापरतात. मी तसं करू नका म्हणेन. मुलं चाकाला लोंबकळतात, वळणावर अंगाचा सगळा भार टाकतात. माझ्या दांड्यात आजही खडखड नाही. सील असल्यामुळे पिलो ब्लॉकची बेअरिंगं सुरुवातीला जड वाटतात, पण वापराने छान मोकळी होतात.

दोन्ही टोकांना चाक अडवायला जाड बोल्ट आणि त्यावर रबरी बुश आहे. तो धक्का पोटेन्शिओमीटरच्या स्वतःच्या अडणीवर कधीच येता कामा नये, नाहीतर तो पहिल्या आठवड्यातच तुटेल. मध्यावर आणायला दोन बाजूंनी ताणाच्या स्प्रिंगा. नुसत्या स्प्रिंगांवर चाक सोडलं की ते मध्याच्या अलीकडे-पलीकडे झुलत राहतं आणि सरळ रस्त्यावर गाडी नागमोडी जाते. दांड्यावर नमद्याची (फेल्टची) पट्टी हलकी आवळली आणि झुलणं थांबलं. सगळ्या बांधणीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. हाताला येणारा तो किंचित विरोध गाडी चालवल्यासारखा वाटतो.

आता सेन्सर. आधी पोटेन्शिओमीटर लावला होता, बी १० के, म्हणजे लिनिअर, कोनाच्या प्रमाणात बदलणारा. (दुकानात आवाजाच्या बटणाचे ए छापाचे मिळतात, ते इथे चालत नाहीत. त्यांचं मूल्य कोनाच्या प्रमाणात बदलत नाही.) तो छान चालला, पण पावसाळा सरता सरता मध्यावर आकडे थरथरायला लागले. चाक सर्वांत जास्त वेळ मध्याजवळच असतं, तेव्हा कार्बनचा पट्टा तिथेच आधी झिजतो. मग एएस५६०० लावला, म्हणजे चुंबकावरून कोन मोजणारी सेन्सर चिप. दांड्याच्या टोकाला छोटं चुंबक, समोर चिप, मध्ये जरासं अंतर. काहीच कशाला घासत नाही. पूर्ण फेरीचे ४०९६ भाग पडतात, म्हणजे २७० अंशांत ३०७२ मिळतात. बसवताना चिपचा शून्यबिंदू चाकाच्या वापरातल्या कोनाबाहेर ठेवायचा, नाहीतर मध्येच आकडा ४०९५ वरून शून्यावर उडी मारतो. नव्याने बनवणाऱ्याने थेट हाच घ्यावा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून बघा.

सेन्सरचे आकडे संगणकाला देणारा बोर्ड प्रो मायक्रो. त्यातली ३२यू४ चिप थेट यूएसबी बोलते, त्यामुळे संगणकाला तो साधा जॉयस्टिक दिसतो. त्याचं यूएसबीचं सॉकेट फार नाजूक असतं. वायर ओढली गेली की उखडतं, म्हणून केबल आधी फळीला क्लिपने पक्की करा.

मेम इम्युलेटरमध्ये (जुने आर्केड गेम संगणकावर चालवणारा प्रोग्राम) जॉयस्टिकचा डेडझोन (मध्याजवळची हालचाल न मोजणारा भाग) शून्य आणि सॅच्युरेशन (कुठे पोचल्यावर पूर्ण वळण धरायचं) १ ठेवा. मूळची सेटिंग बोटभर लांबीच्या जॉयस्टिकसाठी असतात. ती तशीच ठेवली तर चाक थोडं फिरवूनही गाडी ढिम्म हलत नाही, आणि लोक उगाच सेन्सरला दोष देत बसतात.

पावसाळ्यात दांड्यावर थोडा गंज आला, तो पॉलिश पेपरने काढून ग्रीस लावलं. १८ मिमीच्या प्लायवुडला कडांनाही वार्निश दिलं होतं, ते कुठेच फुगलं नाही. स्प्रिंगा मात्र थोड्या सैलावल्यात. त्या ताणता याव्यात म्हणून हूकच्या जागी आता आय-बोल्ट टाकतोय.