डायनॅस्टीज ऑफ इंडिया: कित्येक महिने खेळून झाल्यावर

एज ऑफ एम्पायर्स टू हा गाव वसवून, सैन्य उभारून लढायचा संगणकावरचा गेम. त्याच्या डेफिनिटिव्ह एडिशनसाठी डायनॅस्टीज ऑफ इंडिया हे एक्सपान्शन, म्हणजे गेमला जोडायचा नवा भाग, एप्रिल 2022 मध्ये आलं. मी ते कॅम्पेन (कथेवर बेतलेल्या मोहिमांची मालिका), रँक्ड (क्रमवारीसाठीचे ऑनलाइन सामने) आणि मित्रांसोबतच्या टीम गेम अशा तिन्ही प्रकारांत भरपूर खेळलोय. घ्यावं का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठाम 'हो' आहे. पण तुम्ही कोणत्या मॅपवर आणि कशासाठी खेळता, यावर ते तुम्हाला किती आवडेल हे ठरेल.

आधी काय परिस्थिती होती ते सांगतो. 2013 च्या फॉरगॉटन एक्सपान्शनमध्ये 'इंडियन्स' नावाची एकच सिव्ह, म्हणजे खेळायला घ्यायची संस्कृती, आली आणि पृथ्वीराज चौहानांपासून मुघलांपर्यंत सगळा उपखंड तिच्यात कोंबला. कॅसलमधून हत्तीवरचे तिरंदाज निघायचे, पण तबेल्यात लढाऊ हत्तीच नव्हते. 2016 मध्ये ते ख्मेर आणि बर्मी सिव्हना मिळाले आणि भारताचे सैन्य मात्र उंटांवरच राहिलं. हे मला तेव्हाही खटकायचं. नव्या एक्सपान्शनमध्ये ती सिव्ह हिंदुस्तानी झाली, सोबत गुर्जर, बंगाली आणि द्रविडी अशा तीन नव्या सिव्ह आल्या आणि एकूण सिव्हची संख्या 42 झाली. चौघांपैकी कुणाकडेही नाइट, म्हणजे जड चिलखती घोडेस्वार, नाही. कॅसल एजला (गेमच्या चारपैकी तिसऱ्या टप्प्याला) पोचलो की नाइट काढायचे, ही बहुतेकांच्या हाताला बसलेली सवय इथे चालतच नाही. वेगळा विचार करावाच लागतो आणि मला या एक्सपान्शनची हीच गोष्ट सर्वांत जास्त भावली.

सर्वांत जास्त मी गुर्जर खेळलोय. त्यांची सुरुवात इतर कुठल्याच सिव्हसारखी नाही. टाउन सेंटरजवळ बेरीची झुडपं सुरुवातीपासूनच असतात आणि मेंढ्या मारण्याऐवजी गिरणीत ठेवता येतात. आत ठेवलेल्या प्रत्येक जनावरामागे फूड थेंबथेंब येत राहतं, एकही व्हिलेजर (काम करणारा गावकरी) त्यावर न लावता. म्हणून स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) फिरवायची पद्धतच बदलते. बाकीच्या सिव्हला आठ मेंढ्या म्हणजे पहिल्या काही मिनिटांची सोय. गुर्जरांना ती सबंध गेमभराची ठेव वाटते. प्रतिस्पर्ध्याची एखादी मेंढी पळवून आणली की तीही गिरणीत जाते. पण हा हिशोब दिसतो तितका सोपा नाही. सगळी जनावरं लगेच आत घातली तर सुरुवातीला फूड अपुरं पडतं आणि व्हिलेजर काढणं थांबतं. मग बेरीवर किती माणसं, रानडुक्कर कधी ओढायचं, कोणती मेंढी कापायची आणि कोणती ठेवायची, हे सगळं दर वेळी मॅप बघून ठरवावं लागतं. इतक्या वर्षांनी कुठल्या तरी सिव्हने मला बिल्ड ऑर्डर (सुरुवातीला काय कधी करायचं तो क्रम) पुन्हा पहिल्यापासून शिकायला लावली, त्याचा आनंद वेगळाच.

गुर्जरांचा श्रीवंश स्वारही तितकाच वादाचा ठरला. घोडा वेगवान, आणि अंगावर येणारे बाण तो चुकवतो. लढता लढता ती क्षमता संपते आणि थोडा वेळ बाजूला काढला की पुन्हा भरते. तिरंदाजांच्या घोळक्यावर सोडला की समोरच्याचे पहिले बाण वाया जातात, तोवर आपण अंगावर पोचलेलो असतो. एक्सपान्शन नवं होतं तेव्हा गुर्जर फारच वरचढ आहेत, अशी ओरड जोरात होती आणि ती योग्यच होती. नंतरच्या पॅचेसमध्ये त्यांना नर्फ मिळाले, म्हणजे त्यांची ताकद कमी केली. आता भालेवाले वेळेवर काढले तर श्रीवंशला रोखता येतं. काहींना ही सिव्ह आता निस्तेज वाटते. मला मात्र आत्ताचीच जास्त आवडते, कारण आता जिंकलं तर ते खेळून जिंकलेलं असतं.

हिंदुस्तानी सर्वांत ओळखीचे. व्हिलेजर स्वस्त, इम्पिरियल उंट त्यांच्याकडेच राहिले आणि शतघ्नी हे संशोधन केलं की बंदूकधाऱ्यांचा पल्ला वाढतो. नव्या खेळाडूने इथूनच सुरुवात करावी. ही सिव्ह फारसा त्रास देत नाही.

खरे मतभेद द्रविडी आणि बंगाली यांच्यावरून आहेत. अरेबियासारख्या मोकळ्या मॅपवर एकास एक खेळणाऱ्यांना विचाराल तर या दोन्ही सिव्ह कमकुवत आहेत असं सांगतील, आणि त्या मॅपपुरतं ते खरं आहे. द्रविडींकडे चपळ घोडदळ जवळजवळ नाहीच. समोरचा लाकूडतोड्यांवर छापा मारून निघून जातो आणि आपलं पायदळ मागून चालत येतं. हत्ती काढावेत तर ते महाग आणि संथ, शिवाय समोरच्याने दोनचार भिक्षू उभे केले की ते त्यांना फितवतात आणि आपलाच हत्ती रंग बदलून आपल्यावर उलटतो. किल्ले फोडायला या चारही सिव्हकडे नेहमीच्या लाकडी रॅमऐवजी चिलखती हत्ती आहेत. दिसायला रुबाबदार आहेत, पण भाल्यांसमोर आणि भिक्षूंसमोर त्यांचीही तीच गत होते.

पण निकाल फक्त अरेबियावर लावणं मला पटत नाही. प्रत्येक एजला द्रविडींना 200 लाकूड फुकट मिळतं आणि त्यांच्या गोद्या लोकसंख्येची जागाही वाढवतात. पाण्याच्या मॅपवर हे लाकूड थेट जहाजांत जातं आणि तिथे समोरच्याची पहिल्यापासून दमछाक होते. जमिनीवरही त्यांच्याकडे एक हुकमी गोष्ट आहे: वूट्झ स्टील. हे संशोधन झालं की पायदळ आणि घोडदळ समोरच्याचं चिलखत जुमानतच नाही. जाड चिलखताच्या ट्युटॉनिक नाइटसमोर बाकीच्या सिव्हचं पायदळ नुसतं ओरखडे काढत बसतं. द्रविडींच्या साध्या तलवारबाजाचा मात्र प्रत्येक वार पुरेपूर लागतो. त्यात उरुमीवाले (लवचिक तलवारीचे सैनिक) असतील तर पहिल्याच फटक्यात आजूबाजूचे चारपाच जण जखमी होतात. एवढा पल्ला गाठेपर्यंत तग धरणं, ही यातली खरी परीक्षा आहे.

बंगाल्यांबद्दल मी इतका उत्साही नाही. एज बदलला की टाउन सेंटरमधून दोन व्हिलेजर आपोआप मिळतात, हे छान. हत्तींना भाल्यांचा मार कमी बसतो आणि त्यांना फितवणंही अवघड जातं. व्यापारी गाड्या गोल्डसोबत थोडं फूडही आणतात, म्हणून ब्लॅक फॉरेस्टसारख्या बंद मॅपवरच्या लांबलेल्या टीम गेममध्ये बंगाली भिंतीसारखे उभे राहतात. पण त्यांचा रथ मला कधीच पूर्ण पटला नाही. एका बटणाने तो धनुष्यावरून जवळच्या लढाईवर येतो. कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्ष धुमश्चक्रीत मात्र कोणता रथ कोणत्या अवस्थेत आहे ते बघत बसायला वेळ कुणाकडे असतो? ज्यांचा मायक्रो (लढाईत एकेक सैनिक हाताळण्याचं कौशल्य) पक्का आहे ते त्यातून सोनं काढतात. बाकीच्यांनी हत्तींवर भर द्यावा.

कॅम्पेन तीन आहेत, बाबर, राजेंद्र आणि देवपाल. प्रत्येकात पाच मोहिमा. गुर्जरांना नवं कॅम्पेन मिळालं नाही. जुनं पृथ्वीराजाचंच त्यांच्याकडे दिलंय. तिघांत राजेंद्र चोळाचं मला सर्वांत भरीव वाटलं. अकराव्या शतकातल्या या राजाचं आरमार 1025 च्या सुमारास समुद्र ओलांडून आग्नेय आशियातल्या श्रीविजय राज्यावर चालून गेलं. शाळेत आपण हे दोन ओळींत वाचलेलं असतं. इथे जहाजं बांधताना, लाकूड मोजताना, किनाऱ्यावर सैन्य उतरवायला जागा शोधताना त्या मोहिमेचा आवाका किती मोठा होता ते उमगतं. थिरिसडई हे द्रविडींचं जड जहाज बाणांचा वर्षाव करत किनाऱ्याला भिडतं तेव्हा मजा येते. त्यात गावकरी तमिळ बोलतात. देवपालची कथा कनौजसाठीच्या पाल, प्रतिहार आणि राष्ट्रकूट यांच्या झगड्याच्या काळातली आहे, आणि तो काळ कुठल्या गेममध्ये क्वचितच दिसतो. बाबराचं कॅम्पेन समरकंदपासून 1526 च्या पानिपतापर्यंत नेतं. कथा चांगली सांगितलीय, पण मध्य आशियातल्या टप्प्यात मला हिंदुस्तानी सैन्याची वाट बघावी लागली.

माझी एक तक्रार मात्र इतक्या महिन्यांनीही तशीच आहे. दख्खन कुठे आहे? कैलास लेणं कोरवून घेणारे आणि उत्तरेत कनौजपर्यंत धडक मारणारे राष्ट्रकूट, चोळांशी पिढ्यान्‌पिढ्या भांडणारे कल्याणीचे चालुक्य, देवगिरीचे यादव, 1347 मध्ये उभं राहिलेलं बहमनी राज्य, हे सगळं या गेमच्या कालखंडात अगदी चपखल बसतं. तरी खेळायला घ्यावी अशी त्यांची स्वतंत्र सिव्ह नाही. एकट्या द्रविडींवर सगळ्या दक्षिणेचा भार टाकलाय आणि त्या सिव्हचा घाट तर पूर्णपणे चोळांचा, समुद्राचा आहे. दख्खनची लढाई डोंगरी किल्ल्यांची आणि घोडदळाची. नौदलावर बेतलेल्या सिव्हने देवगिरी कशी लढवायची? 2013 ला सगळा भारत एका सिव्हमध्ये होता, त्या मानाने हे खूपच बरं आहे. पण विंध्याच्या खालचा मोठा तुकडा अजून कोराच आहे आणि सीनारिओ एडिटरमध्ये (स्वतःची मोहीम रचायच्या साधनात) यादवांचा संघर्ष मांडायला बसलं की तो कोरेपणा लगेच जाणवतो. मी तरी यादवांसाठी गुर्जर आणि हिंदुस्तानी यांची सरमिसळ करून काम भागवतो.

नवीन घेणार असाल तर आधी राजेंद्र खेळा, मग संगणकाविरुद्ध गुर्जरांची गिरणी हाताला बसवा आणि त्यानंतरच रँक्डमध्ये उतरा. हत्तींची हौस असेल तर बंद मॅप आणि भरवशाचे साथीदार निवडा. कॅसल एजमध्ये पहिले काही हत्ती निघेपर्यंत तुमच्या भिंतीवर कुणी तरी पहारा द्यायलाच हवा.