सिबिल बिघडलेले असताना मुदत ठेवीवर घेतलेले क्रेडिट कार्ड

जामीनदारीपायी सिबिल, म्हणजे त्या नावाच्या कंपनीच्या अहवालातील कर्जफेडीची नोंद आणि गुण, बिघडलेली माणसे मराठवाड्यात पुष्कळ आहेत. कर्ज ट्रॅक्टरचे असो की पतसंस्थेचे, जामीनदार लागतो आणि भावकीत सही नाकारणे जड जाते. मीही चुलत भावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन होतो. पावसाने ओढ दिली, सोयाबीन हाती लागले नाही, हप्ते थकले आणि ती थकबाकी त्याच्याबरोबर माझ्याही अहवालात चढली. पुढे कर्ज पूर्ण फिटले, तरीही साध्या क्रेडिट कार्डासाठी केलेले माझे अर्ज नामंजूरच होत राहिले. शेवटी लातूरमधील एका बँकेत 30 हजारांची मुदत ठेव केली आणि तिच्या तारणावर कार्ड घेतले. वर्षभराच्या वापरानंतर माझे मत असे आहे की, ढासळलेली पत पुन्हा उभी करण्यासाठी हा मार्ग खरोखर उपयोगाचा आहे. मात्र बँकेने ज्या पद्धतीने तो माझ्यासमोर मांडला, ती पद्धत समाधानकारक नव्हती.

कार्ड मिळण्यात अडचण आली नाही. ठेव तारण असल्यामुळे बँकेने उत्पन्नाचे पुरावे मागितले नाहीत आणि जुन्या थकबाकीवरही अडून बसली नाही. ठेवीच्या 80 टक्के, म्हणजे 24 हजारांची मर्यादा मिळाली. ठेवीवरचे व्याज चालू राहते, फक्त कार्ड सुरू असेपर्यंत ती मोडता येत नाही. ठेव बँकेकडेच आहे म्हणून बिल थकले तरी बिघडत नाही, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. बँक ठेवीतून पैसे वळते करून घेतेच, शिवाय थकबाकीची नोंद अहवालातही जाते.

कार्ड घेण्याआधी प्रत्येकाने आपला अहवाल काढून नीट वाचावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. गुण 300 ते 900 यांमध्ये असतात आणि सर्वांचे लक्ष तेवढ्याच आकड्याकडे जाते, परंतु खरी माहिती खाली प्रत्येक कर्जापुढे मांडलेल्या महिन्यांच्या चौकटींत असते. वेळेवर भरलेल्या महिन्यात 000 दिसते. हप्ता थकला की तिथे 030, 060, 090 असे थकलेले दिवस चढत जातात. अशी मागील 36 महिन्यांची ओळ समोर असते. माझ्या अहवालात फिटलेले ट्रॅक्टरचे कर्ज अजून चालूच दिसत होते. त्याविरुद्ध ऑनलाइन तक्रार केली, तिला खर्च काही आला नाही आणि नोंद दुरुस्त झाली. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणून ‘सिबिल दुरुस्त करून मिळेल’ अशा जाहिराती करणाऱ्यांना पैसे देऊ नयेत. चुकीची नोंद आपल्यालाच दुरुस्त करून घेता येते आणि खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही. तडजोड करून कमी रकमेत मिटवलेले कर्ज ‘सेटल्ड’ म्हणून दिसते, हेही तडजोडीला होकार देण्याआधी लक्षात घ्यावे.

कार्डावर मी किराणा, पेट्रोल आणि विजेचे बिल एवढाच खर्च ठेवतो. मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत, म्हणजे माझ्या बाबतीत 7,200 रुपयांच्या आत राहणे चांगले समजले जाते. बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात, एकूण देय आणि किमान देय. आणि शाखेत मला सांगण्यात आले की किमान रक्कम भरली तरी चालते. हे अर्धवट सांगणे मला गंभीर वाटते. किमान रक्कम भरल्याने थकबाकीची नोंद टळते एवढेच. उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होते आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. माझ्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के आहे, आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी वेगळा. सावकाराच्या शेकडा तीनपेक्षाही हा दर चढा पडतो. एटीएममधून रोख काढली, तर पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

अर्जातील दुसरी आक्षेपार्ह गोष्ट म्हणजे विम्याच्या संमतीच्या रकान्यात आधीच केलेली खूण. मी ती खोडायला लावली. संपूर्ण अर्ज इंग्रजीत होता. माझ्या शेजारी बसलेल्या वयस्कर काकांना दाखवलेल्या जागी सह्या करण्यापलीकडे काहीच करता आले नाही, याचे मला फार वाईट वाटले.

बिलाचे चक्र, म्हणजे दर महिन्याला बिल निघण्याची तारीख, किमान एकदा बदलून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे, हेही शाखेत कोणी सांगितले नव्हते. पगार ज्यांचा उशिरा होतो किंवा अडत्याकडून पट्टी महिनाअखेरीस मिळते, त्यांनी तो अवश्य वापरावा. बाकी नसताना कार्ड बंद करण्याची विनंती केल्यास ती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते, अन्यथा बँकेला दिवसाला 500 रुपये द्यावे लागतात. अहवालातील माझे गुण हळूहळू वाढत आहेत, त्यामुळे मी कार्ड चालू ठेवणार आहे. व्याजाचा दर, किमान रकमेचा अर्थ आणि हे हक्क शाखेतील फलकावर मराठीत लावावेत, असा लेखी अर्ज मी व्यवस्थापकांकडे देऊन त्याची पोच घेतली आहे.