पंप बदलला म्हणाले, नटांवरचा गंजही हलला नव्हता

गाडी २००१ची होंडा सिटी, १.५ पेट्रोल. गाव नागपूर, महिना मे. तक्रार एकच: दुपारी उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन सेल्फ मारल्यावर गरगर फिरतं, पण गाडी लागत नाही. दारं-काचा उघडून वीसेक मिनिटं थांबलं की पहिल्याच सेल्फला चालू. सकाळी त्रास नाही, रात्री त्रास नाही.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच निदान सांगून टाकलं. "साहेब, पेट्रोलचा पंप गेलाय. जुनी गाडी, त्यात आता पेट्रोल इथेनॉलवालं. आज नाही बदलला तर हायवेवर टोचन करून आणावी लागेल." गाडी सहा दिवस शेडमध्ये राहिली आणि मग कच्चं बिल हातात आलं: फ्युएल पंप असेंब्ली ९,८००, फ्युएल फिल्टर १,१५०, इंजेक्टर क्लीनिंग चार नग २,०००, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ६५०, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) चेकिंग १,५००, मजुरी २,४००. एकूण १७,५००. पार्ट नंबरचा रकाना कोरा, जीएसटी नंबर नाही, जुना पंप "भंगारात गेला".

नवव्या दिवशी भर दुपारी गाडी पुन्हा तशीच रुसली. या वेळी बोलावलेला वायरमन मीटर लावायला पंपाच्या कनेक्टरपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पंप टाकीत ज्या गोल प्लेटवर बसतो तिच्या नटांवर गंज आणि धुळीचा एकसलग थर होता. कडांवर पान्याचा एक ओरखडा नाही, गॅसकेटच्या काठाला जुनी माती तशीच चिकटलेली. ती प्लेट सुटल्याशिवाय पंप बाहेर येत नाही. म्हणजे ९,८०० रुपयांचा पंप बदललाच नव्हता. फिल्टर तेवढा नवा होता, तोही लोकल.

अधूनमधून येणारा फॉल्ट हे लबाड गॅरेजसाठी सगळ्यांत सोपं गिऱ्हाईक असतं, कारण तो आपोआप जातो. गाडी सावलीत उभी राहिली, थंड झाली, चालू झाली. त्या दिवशी जो पार्ट बदलला (किंवा बदलला असं सांगितलं) त्याच्या नावावर यश जमा. मालकही खूश होऊन घरी जातो. फॉल्ट पुन्हा आला की "आता दुसरं काहीतरी निघालंय". म्हणून अशा गाडीचं निदान फॉल्ट हजर असतानाच झालं पाहिजे. गाडी व्यवस्थित चालू असताना कुणी "पंपच आहे" असं ठामपणे सांगत असेल, तर तो अंदाज सांगतोय.

या गाडीत दोष होता मेन रिलेचा, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या स्विचचा. त्या काळच्या होंडा गाड्यांत डॅशबोर्डखाली एक छोटी डबी असते, तिच्यात दोन रिले. एक ईसीएम आणि इंजेक्टरना करंट देतो, दुसरा पंपाला. आतल्या प्लेटवर रिलेच्या पिना सोल्डरचा डाग देऊन बसवलेल्या असतात. रिलेची कॉइल स्वतः तापते, त्यात बंद गाडीतली उन्हाची धग. वर्षानुवर्षं तापणं-निवणं, फुगणं-आकसणं चालू राहिलं की पिनेभोवतीचा डाग चिरतो. भिंगाखाली धरलं तर पिनेभोवती केसासारखी बारीक काळी रिंग दिसते. गाडी थंड असली की तडकलेल्या कडा एकमेकींना टेकलेल्या असतात आणि करंट जातो. डबी तापली की फट पडते आणि पंप मुका होतो. काचा उघडल्या, हवा खेळली, वीस मिनिटांत डबी निवली, पंप पुन्हा बोलायला लागला. मालक पहिल्या दिवसापासून जे सांगत होता त्यातच उत्तर होतं. टाकी उन्हात तापते तशी केबिनही तापते. पण काचा उघडल्याने टाकीतला पंप वीस मिनिटांत थंड होत नाही.

हे तपासायला फारसं काही लागत नाही. गाडी रुसलेली असतानाच किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवायची, सेल्फ मारायचा नाही. रेडिओ, एसीचा पंखा बंद. मागून साधारण दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. तोच पंप दाब भरत असतो. चेक इंजिनचा दिवाही दोनेक सेकंद लागून विझायला हवा. दिवा नेहमीसारखा वागतोय पण गुणगुण नाही, तर पंप, त्याची वायर, अर्थिंग किंवा रिलेचा पंपाकडचा भाग. दिवाच नेहमीसारखा वागत नसेल, तर आधी ईसीएमच्या सप्लायकडे म्हणजे रिलेच्या पहिल्या भागाकडे बघायचं. अर्थात त्याआधी फ्यूज. तो नुसता डोळ्यांनी न बघता मीटरने बघावा.

मग रिलेच्या डबीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टिचक्या मारायच्या. टिचकीसरशी गुणगुण आली की संशय पक्का. पंपाच्या बाबतीतही असंच करता येतं: टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने टकटक करताना दुसऱ्याने किल्ली ऑन करायची. तेवढ्याने पंप सुरू झाला तर त्याच्या मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत आणि तो खरोखरच संपत आलाय. हातोडी रबरीच हवी.

मीटर लावताना बरेच जण एक चूक करतात, आणि काही जण मुद्दाम करतात. पंपाचा कनेक्टर काढून मोकळ्या टोकावर व्होल्टेज मोजलं की चिरलेल्या डागातून किंवा एका तारेवर तगलेल्या वायरमधूनही १२ व्होल्ट दिसतात. मग "बघा, करंट येतोय, म्हणजे पंपच खराब" म्हणायला मोकळे. कनेक्टर जोडलेला ठेवून, पंपाचा लोड असताना, मागच्या बाजूने पिन टोचून मोजायचं. बॅटरीवर त्याच क्षणी जेवढं व्होल्टेज असेल त्यापेक्षा अर्धा, फार तर एक व्होल्ट कमी चालेल. तीन-चार व्होल्ट गायब असतील तर दोष वाटेत आहे. मीटरचं एक टोक पंपाच्या अर्थ वायरवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवलं तर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये; दिसलं तर अर्थिंगचा बोल्ट घासून घ्या.

चालता चालता बंद पडणाऱ्या गाडीसाठी जुन्या वायरमनांचा एक उपाय आजही स्कॅनरपेक्षा (ईसीएममधले फॉल्ट वाचणाऱ्या यंत्रापेक्षा) सरस आहे. पाच वॅटचा छोटा बल्ब पंपाच्या वायरला समांतर जोडायचा, लांब वायरने पुढे आणून डॅशवर डोळ्यांसमोर चिकटवायचा, वायरमध्ये छोटा फ्यूज टाकायचा. गाडी आचके देऊन बंद पडतानाच बल्बही विझला तर रिले, इग्निशन स्विच किंवा वायरिंग. बल्ब जळतोय आणि इंजिन मेलं, तर पंपाला करंट मिळत होता. मग पुढचा प्रश्न दाबाचा.

दाब गेजनेच कळतो, कानाने नाही. त्या काळच्या होंडाच्या चार सिलिंडर इंजिनांत रेग्युलेटरची (पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या पार्टची) व्हॅक्यूम नळी काढल्यावर साधारण २.७ ते ३.३ किलो दाब हवा. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. गेज लावण्याआधी टाकीचं झाकण उघडा, पंपाचा सप्लाय काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. नट सोडताना वर जाडसर फडकं धरा, नाहीतर पेट्रोलची चिळकांडी गरम मॅनिफोल्डवर जाते. विडी-सिगारेट दहा फूट लांब वगैरे नको, गॅरेजच्या बाहेरच.

पंप खरोखर जात असेल तर त्याची लक्षणं वेगळी असतात. अर्धा-पाऊण तास चालवल्यावर, टाकीत पेट्रोल कमी असताना त्रास वाढतो, कारण पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. आवाज गुणगुणीवरून किरकिरीवर येतो. चढावर किंवा ओव्हरटेक करताना गाडी ओढत नाही. रिलेचा दोष असा हळूहळू दम तोडत नाही. तो तडकाफडकी असतो. आणि चालत्या गाडीत आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडला, चाकं इंजिनला फिरवत असतानाही, तर पेट्रोलकडे न जाता डिस्ट्रिब्युटरमधला इग्नायटर (ठिणगीचा करंट चालू-बंद करणारा पार्ट), कॉइल आणि इग्निशन स्विच आधी तपासा. या गाड्यांचा इग्नायटरही गरम झाल्यावर दगा देतो.

इथेनॉलबद्दल: ई-२० पेट्रोलने जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील खराब होण्याची काळजी अगदी बिनबुडाची नाही. पण त्याची चिन्हं म्हणजे ओल, वास, फुगलेली नळी, तुंबलेला फिल्टर. "दुपारी बंद, वीस मिनिटांत चालू" हे इथेनॉलच्या माथी मारता येत नाही. "स्कॅनरने पंप दाखवला" हे तर त्याहून मोठं सोंग. तेव्हाच्या ईसीएमला पंपाची मोटर किती करंट खाते हे कळतच नाही, मग स्कॅनर दाखवणार काय?

या सिटीचा खरा इलाज तासाभराचा निघाला. बॅटरी काढली, डबी सोडली, खालच्या खाचा दाबून कव्हर उघडलं. जुना डाग शोषून काढला आणि ६०/४० सोल्डर व रोझिन फ्लक्स वापरून सगळ्या पिनांना नवा डाग दिला. दिसणाऱ्या एकाच चिरेवर थांबलं की दुसरी महिन्याने उघडते. रिलेचे कॉन्टॅक्ट जळून काळे पडले असतील तर मात्र डागाचा उपयोग नाही, रिलेच नवा घ्यावा लागतो. नंतर हेअर ड्रायरने डबी गरम करून किल्ली दहा वेळा ऑन-ऑफ केली. दहाही वेळा गुणगुण आली. आधी हीच चाचणी केली होती तेव्हा तिसऱ्याच खेपेला पंप गप्प झाला होता. फॉल्ट मुद्दाम आणता येणं आणि इलाजानंतर तो न येणं, या दोन्ही गोष्टी दाखवल्या तरच "दुरुस्त झालं" म्हणता येतं. पहिल्या गॅरेजमध्ये यातलं काहीच झालं नव्हतं.

गाडी सोडण्याआधी टाकीवरच्या प्लेटचे नट, फिल्टर, रिले यांचे फोटो काढा. नटावर आणि प्लेटवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढली की सोडलेला नट लगेच कळतो. जॉबकार्डवर लिहून घ्या: "फॉल्ट आल्यावर व्होल्टेज आणि प्रेशरची नोंद, जुने पार्ट परत." नव्या पंपाचं खोकं, त्यावरचा नंबर आणि जुना पंप, तिन्ही एका टेबलावर दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. जुना पंप खरा असेल तर त्याला पेट्रोलचा वास येतो आणि जाळी मळकट असते. कुठल्या तरी भंगारातला आणून दाखवलेला बहुधा खडखडीत कोरडा असतो.

फसवणूक झालीच असेल तर नट कुणाला उघडू देऊ नका, पंप बघायची कितीही घाई असली तरी. आधी तारखेसह फोटो आणि दुसऱ्या वायरमनचं सहीनिशी दोन ओळींचं टिपण. त्यानंतर पहिल्या गॅरेजला लेखी नोटीस, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. कच्चं बिलही पुरावा म्हणून ठेवा, आणि पैसे यूपीआयने दिले असतील तर त्याची नोंदही. सिटीच्या मालकाने नटांचे फोटो घेऊन गॅरेज गाठलं तेव्हा पंपाचे ९,८०० निमूटपणे परत मिळाले. ईसीएम चेकिंगचे १,५०० मात्र "ते तर केलंच होतं" म्हणून अजून अडकलेत.