अप-डाऊन एलईडी लाइट बनवून घेताय? फसवणूक वरच्या काचेखाली असते

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका रो-हाउस वसाहतीने दर्शनी भिंतींसाठी २४ अप-डाऊन लाइट (भिंतीवर बसून वर आणि खाली दोन्हीकडे उजेड टाकणारे) ऑर्डर देऊन बनवून घेतले. कोटेशनवर लिहिलं होतं: १२ वॉट (वर ६, खाली ६), डाय-कास्ट अ‍ॅल्युमिनियम बॉडी, आयपी ६५ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा), ३००० केल्विन (पिवळसर उजेड), दोन वर्षं वॉरंटी. नगाला १,६५० रुपये, ७० टक्के अ‍ॅडव्हान्स. सॅम्पल खरोखर चांगलं होतं. मे महिन्यात लॉट बसला. पहिल्या मोठ्या पावसानंतर वरचा उजेड एकेका लाइटचा जायला लागला आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) रोज ट्रिप होऊ लागला. लाइट उघडल्यावर जे दिसलं ते इथे सविस्तर देतोय. २०२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर पंचवटीत, त्र्यंबक रोडवर लॉज आणि घरांची दुरुस्ती करणाऱ्यांनी अशी ऑर्डर देण्याआधी हे वाचावं.

सॅम्पलमध्ये वर सहा आणि खाली सहा एलईडी होते. लॉटमध्ये खाली सहा, वर फक्त तीन. लाइट सहसा डोक्याच्या वर बसतो, त्यामुळे वरची काच कुणाला दिसतच नाही. वर जाणारा उजेड छज्ज्याखाली पसरतो, तो थोडा मंद वाटला तरी रंगाचा किंवा दगडाचा दोष समजला जातो. शिवाय वरची काच मुद्दाम दुधी दिलेली, म्हणजे शिडी लावून पाहिलं तरी एलईडी मोजता येऊ नयेत.

आता वॉटचा हिशेब. एक वॉटच्या पांढऱ्या एलईडीवर साधारण ३ व्होल्ट पडतात. बारा एलईडी सिरीजमध्ये म्हणजे ३६ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअरला १०.८ वॉट, ड्रायव्हरचा (एलईडीला ठरावीक करंट देणाऱ्या सर्किटचा) लॉस धरला की १२. लॉटमधले नऊ एलईडी २०० मिलिअँपिअरवर चालत होते: २७ व्होल्ट गुणिले ०.२, म्हणजे ५.४, लॉससकट साडेसहा वॉट. स्टिकर मात्र १२ चाच.

तक्रार केल्यावर पुरवठादाराने क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारं मीटर) लावून सगळ्यांसमोर ‘सिद्ध’ करून दाखवलं. २४ लाइटच्या लाइनला १.३६ अँपिअर, गुणिले २३०, भागिले २४, आले तेरा वॉट! लोक गप्प झाले. पण स्वस्त ड्रायव्हरचा पॉवर फॅक्टर (अँपिअर गुणिले व्होल्टपैकी खऱ्या वॉटचा हिस्सा) ०.५ च्या आसपास असतो, म्हणून अँपिअर गुणिले व्होल्ट म्हणजे वॉट होत नाहीत. खरे वॉट त्याच्या निम्मे. ही चलाखी सगळ्यात वाईट, कारण ती मोजमापाच्या नावाखाली होते. यावर उपाय फुकट आहे. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त हे लाइट चालू ठेवा आणि वीज मीटरवरच्या लाल दिव्याची दहा लुकलुकी मोजा. मीटरवर ‘३२०० इम्पल्स प्रति किलोवॉट-तास’ असं लिहिलेलं असेल तर २४ खऱ्या १२ वॉटच्या लाइटना दहा लुकलुकींसाठी ३९ सेकंद लागतात. इथे ७२ लागले. (मीटरवर १६०० असेल तर दोन्ही वेळा दुप्पट धरा.)

पाण्याचं प्रकरण जास्त समजून घेण्यासारखं आहे. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ६.३ मिलिमीटर नोझलमधून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा मारा सोसतो. साचलेल्या पाण्यात बसण्याची परवानगी त्यात नाही. या लाइटची वरची काच कडेपेक्षा चार मिलिमीटर खाली होती, म्हणजे वर आयती वाटी तयार झाली आणि पाऊस थांबल्यावरही तीत पाणी तसंच राहिलं. संध्याकाळी लाइट लागला की आतली हवा गरम होऊन बाहेर पडते. थंड सर आली की बॉडी झटकन गार होते, आतला दाब उतरतो आणि कडेचं पाणी आत ओढलं जातं. सॅम्पलला काचेखाली सिलिकॉन रबरची गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी) होती, लॉटला फोमची पट्टी. फोम एकदा दबला की परत फुगत नाही. काच कडेच्या बरोबरीने किंवा किंचित वर हवी, केबल मागून ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आणि बाहेर खाली झोळ देऊन आत जायला हवी, आणि बॉडीला ब्रीदर व्हॉल्व्ह हवा. तो हवा जाऊ-येऊ देतो, पाणी नाही.

बॉडी गार राहते हे गुण म्हणून सांगितलं गेलं होतं. उलट आहे. अर्ध्या तासाने बॉडी चांगली गरम लागली तर उष्णता एलईडीपासून बाहेर येतेय. इथे एलईडीची प्लेट आणि बॉडी यांच्यात थर्मल पेस्ट नव्हती आणि प्लेट एकाच स्क्रूवर होती. एलईडी आतल्या आत भाजत होते. बॉडीही डाय-कास्ट नव्हती, चुंबक चिकटला, म्हणजे रंग दिलेला लोखंडी पत्रा.

सगळ्यात गंभीर गोष्ट ड्रायव्हरची. तो नॉन-आयसोलेटेड होता, म्हणजे एलईडीचं सर्किट थेट मेन लाइनशी जोडलेलं. आत पाणी गेलं की धातूची बॉडी लाइव्ह. जिथे अर्थ जोडलेला होता तिथे आरसीसीबी पडत होता. काही लाइटमध्ये अर्थची वायर कापून टेप मारली होती. तिथे आरसीसीबी शांत राहिला आणि वसाहतीला तेच लाइट ‘चांगले’ वाटले. गेटजवळच्या लाइटला लहान मुलाचा हात पोहोचतो. अर्थ नसलेला धातूचा लाइट ओल्या भिंतीवर एक दिवसही ठेवू नका.

ऑर्डर देताना कोटेशनवर एवढं लिहून घ्या: वर-खाली एलईडींची संख्या, ड्रायव्हर आयसोलेटेड, त्याचा आउटपुट ३०० मिलिअँपिअर आणि व्होल्टची रेंज, गॅस्केट सिलिकॉनची, केबल तीन कोअर (फेज, न्यूट्रल, अर्थ). ड्रायव्हरवरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून पाहा. सॅम्पल दोघांच्या सह्यांनी सील करून तुमच्याकडेच ठेवा. लॉट आल्यावर मधल्या खोक्यातला तुम्ही निवडलेला एक नग समोर उघडायला लावा. दुसरा तासभर चालवा, एमसीबी बंद करा आणि लगेच बागेच्या पाइपने तीन मिनिटं वरून पाणी मारा. सकाळी काचेच्या आत धुकं दिसलं तर लॉट परत. अ‍ॅडव्हान्स ३० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका आणि बिलाचे १० टक्के पहिल्या पावसाळ्यानंतरच द्या. लॉजवाल्यांसाठी हे १० टक्के फार महत्त्वाचे, कारण धंद्यासाठी घेतलेला माल ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही. घरगुती ग्राहकाला १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पण जीएसटी बिल हातात हवं. या वसाहतीकडे साध्या कागदावरचं ‘एस्टिमेट’ होतं.

असा लॉट आधीच भिंतीवर असेल तर आधी एमसीबी बंद करा. वायरमनकडून मल्टिमीटरने प्रत्येक बॉडी ते अर्थ कंटिन्युइटी (जोड सलग आहे का ते) तपासून घ्या आणि जिथे ती नाही ते लाइट उतरवा. पत्र्याच्या बॉडीवर खर्च करू नका. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर आयसोलेटेड ड्रायव्हर, थर्मल पेस्ट आणि सिलिकॉन गॅस्केट बदलून ती वापरता येते. काच खोलात असेल तर कडेला दोन खाचा घासून पाण्याला वाट करून द्या.