जुन्या पेंटियम थ्री कॉम्प्युटरला कुठलं ग्राफिक्स कार्ड घालायचं, वूडू का जीफोर्स?

२०१९ च्या पुरात पाणी वाढायला लागलं तसा आमचा पेंटियम थ्री माळ्यावर टाकला, वर लोखंडी ट्रंक ठेवली आणि मग विसरूनच गेलो. गेल्या दिवाळीत खाली काढला, झाला की सुरू! पण आतलं टीएनटी टू कार्ड अगदीच मरतुकडं, म्हणून दोन लावून बघितली, एक मित्राकडनं आणलेलं वूडू थ्री ३०००, दुसरं मिरजेत भंगारात मिळालेलं जीफोर्स टू एमएक्स ४००.

पैसे टाकायच्या आधी कॅबिनेट उघडून स्लॉट, म्हणजे कार्ड घुसवायची फट, बघा. इंटेल ८१० चिपसेटचा मदरबोर्ड असंल तर एजीपी, म्हणजे खास ग्राफिक्स कार्डाचा, स्लॉटच नसतो, मग साध्या पीसीआय स्लॉटात बसणारं कार्ड शोधायचं, ही दोन्ही कार्डं विसरा. ४४०बीएक्स चिपसेट असंल तर दोन्ही चालतात, तो ३.३ व्होल्टचा स्लॉट, त्यातला आडवा अडसर कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याकडं असतो. अडसर दुसऱ्या बाजूला असंल तर १.५ व्होल्टचा, पेंटियम फोरच्या ८४५ बोर्डावर असतो तसा. वूडू थ्री ३.३ वालं आहे, ते तिथं घालायच्या भानगडीत पडू नका, बोर्ड जळू शकतो. एमएक्सच्या पट्टीला बहुतेक वेळा अडसरासाठी दोन खाचा असतात, ते दोन्हीकडं बसतं.

आता खेळायचं काय त्यावर बघा. नीड फॉर स्पीड टू एसई हा गेम थ्रीडीत पाहिजे असंल तर ग्लाईड लागतं, म्हणजे गेमनं कार्डाशी बोलायची थ्रीडीएफएक्स कंपनीची स्वतःची पद्धत, आणि ती फक्त त्यांच्याच कार्डावर, म्हणजे वूडूच. चित्र पण वूडूचं कडक, १०२४ रिझोल्यूशनवर माझ्या एमएक्सची अक्षरं जरा पुसट दिसतात. पण वूडूची मेमरी १६ एमबी आणि थ्रीडीत रंग १६ बिटच, आणि जीटीए व्हाइस सिटी किमान ३२ एमबी मागते, तिथं वूडूचा विषय संपला. एमएक्सला ३२ एमबी, ३२ बिट रंग, शिवाय टी अँड एल, म्हणजे थ्रीडीतल्या आकार-उजेडाची आकडेमोड, कार्डातच. फक्त दुकानदार एमएक्स २०० पण 'जीफोर्स टूच आहे की' म्हणून गळ्यात मारतात, त्याची मेमरी ६४ बिटची, हळू चालते. वूडूला भाव पण कलेक्टर लोकांनी वाढवून ठेवलाय.

त्रास मला दोन्हींनी दिला. वूडू घातलं तर एक लांब बीप, दोन छोट्या, स्क्रीन काळी. म्हटलं मेलं कार्ड, आता मित्राला काय सांगू. खोडरबरनं सोनेरी पट्टी घासली, रॅम बदलली, तरी तेच. शेवटी टॉर्च मारून बघितलं तर स्क्रू आवळला की कार्डाचं मागचं टोक स्लॉटमधनं केसभर वर उचलतंय! ट्रंकेच्या वजनानं कॅबिनेटचा पत्राच वाकला होता. पक्कडीनं पत्रा सरळ केला, स्क्रू निम्मा आवळला, चालू. वूडूला फॅन नाही, नुसतं हीटसिंक, आणि ते इतकं तापतं की बोट टेकवत नाही, सांगलीच्या एप्रिलमध्ये बाजूला एक फॅन लावाच.

एमएक्सचा फॅन जाम होता, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला तेव्हा फिरला. पण विंडोज ९८ दर वेळी लोगोवर अडकायचं, कारण मी जुन्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, न काढताच नवीन टाकला होता. कार्ड बदलायच्या आधी विंडोजमध्ये डिस्प्लेचा ड्रायव्हर साधा व्हीजीए करून ठेवा, मग मशीन बंद करून कार्ड बदला. मी केलं नव्हतं म्हणून सेफ मोडमध्ये जाऊन एकेक ड्रायव्हर काढत बसलो. आणि ड्रायव्हर त्या कार्डाच्या काळातला घ्या, सगळ्यात नवीन मिळाला म्हणून टाकू नका, माझं त्यानंच परत अडकलं.

एकच घ्यायचं असंल तर मी एमएक्स ४०० म्हणीन. वूडू तेव्हाच, जेव्हा ग्लाईडवाले गेम खरंच खेळणार असाल. माझ्या मशीनमध्ये आत्ता एमएक्सच आहे, वूडू वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलंय, मित्र दोनदा विचारून गेला.